बाईंची वासाडी

बाई कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “काय जेवलात?” आपण रीतीप्रमाणे “झालं, झालं जेवण,” म्हणालो की त्या खवळत. “झालं का ते विचारलं नाही. काय जेवलीस ते विचारलं.” मग भात कुठल्या तांदळाचा होता, आमटीत चिंच घातली की कोकम, वाल सोलून घेतले की नुसते भिजवून, हे सगळं सांगावं लागे. ऐकून त्या मान हलवत आणि आपल्या कामाला लागत. बरं केलंस, वाईट केलंस, असं काही नाही. डॉक्टरनं नाडी बघून पुढच्या पेशंटकडे वळावं तसं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत आम्ही रोह्याजवळ वरसे गावात त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला आलो. माझा नवरा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होता. खाली बाई, वर आम्ही. घरामागे त्यांचा एक ओलसर तुकडा होता, त्याला लागून पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढा, वाहायचा आणि पऱ्ह्याच्या पलीकडे शेतं. तेव्हा वरशात शेतं जास्त आणि घरं कमी होती. आता उलट आहे. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या घराच्या जागी तीन मजली इमारत उभी आहे आणि तो ओलसर तुकडा तिच्या पार्किंगखाली गेला.

बाई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झाल्या होत्या. त्यांच्या विद्यार्थिनी मला पुढे ठिकठिकाणी भेटल्या आणि प्रत्येकीनं हेच सांगितलं की बाई लढाया घाईघाईत उरकत. तारखा फळ्यावर लिहून देत आणि म्हणत, “ह्या पुस्तकात आहेत, त्या कुठं पळून जात नाहीत.” पण किल्ल्याला वेढा पडला की बाई खुर्चीवरून उठत. आत माणसं किती, धान्य किती, दळायला जाती होती का, सरपण कुठून यायचं. एकदा सहामाहीच्या पेपरात त्यांनी प्रश्न घातला: ‘तुम्ही वेढ्यातल्या किल्ल्यावर आहात. पहिल्या महिन्यात काय खाल आणि शेवटच्या महिन्यात काय?’ मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून विचारलं की हा इतिहास आहे की गृहशास्त्र. बाई म्हणाल्या, “तुम्ही आज डबा आणला नसता तर दुपारी चारपर्यंत तुम्हाला कळलं असतं.” प्रश्न रद्द झाला. बाईंनी तो पुढच्या वर्षी परत घातला.

माहेर पेणचं. गणपतीच्या आधी त्या एसटीनं पेणला जात आणि तिथून जोह्याला एका मूर्तिकाराच्या कारखान्यात. त्याच्याशी त्यांचं जुनं भांडण होतं. तो गणपतीच्या हातात गुळगुळीत गोल लाडू द्यायचा. बाईंचं म्हणणं, आपल्याकडे तांदळाच्या उकडीचा मोदक करतात, त्याला कळ्या असतात, त्या दिसल्या पाहिजेत. “देवाच्या हातात काय आहे ते देवाला तरी कळू दे.” मूर्तिकार भला माणूस. तो त्यांची एक मूर्ती बाजूला ठेवायचा आणि त्या आल्या की त्यांच्यादेखत शाडूचा बारीक मोदक करून, काडीनं कळ्या पाडून हातावर बसवायचा. बाई चष्मा वर करून कळ्या मोजत. कमी भरल्या तर परत.

माझ्या नवऱ्याला त्यांच्यामुळे एकदा कंपनीच्या गेटवर अडवलं होतं. बाईंनी डोंगराकडच्या एका वाडीवरून हरीक आणला. पूर्वी गरिबाघरी ह्याचाच भात व्हायचा, आता कुणी पेरत नाही, म्हणून त्यांना तो करून बघायचा होता. नवा हरीक चढतो हे बाईंना ठाऊक होतं. आणलेला हरीक नवा आहे हे ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं आवडीनं दोनदा भात घेतला आणि सेकंड शिफ्टला गेला. गेटवर पोचेपर्यंत त्याचे पाय लटपटायला लागले, जीभ जड झाली. वॉचमननं तोंडाचा वास घेतला, वास काही येईना, पण माणूस तर डुलतोय. त्याला बाकावर बसवून ठेवलं. शेजारचा एक कामगार सायकलवरून सांगायला आला तेव्हा मी रडायच्या बेतात होते. बाईंनी शाळेतली इस्त्रीची साडी नेसली, खांद्याला पिन लावली, छत्री घेतली आणि मला घेऊन कंपनीच्या गेटवर गेल्या.

“हा दारू प्यायलेला नाही,” त्या साहेबांना म्हणाल्या. “हा हरीक जेवलाय.”

साहेब पुण्याचे. त्यांनी विचारलं, “हरीक म्हणजे कुठला ब्रँड?”

त्यानंतर गेटवर उभ्या उभ्या साहेबांचा तास झाला. हरीक काय असतो, डोंगरउतारावर कसा पेरत, मळणी झाल्यावर जुना होऊ द्यायला का ठेवत, आणि गोऱ्या तांदळापायी तो कसा गेला. साहेबांनी शेवटी हात जोडले. “बाई, घेऊन जा ह्यांना. आजची रजा मांडतो.” घरी येताना बाई मला म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याची प्रकृती चांगली आहे. दोनदा घेऊनही चालत आला.”

ह्या बाई मुलीच्या आग्रहावरून अमेरिकेला गेल्या. मुलगी तिकडे एका मोठ्या नदीच्या काठच्या गावात राहायची. आईनं आता इथंच राहावं असं तिच्या मनात होतं. बाई सहा महिन्यांसाठी गेल्या आणि त्याच्या आधीच परत आल्या. येताना लोक बरोबर साबण, चॉकलेटं, सेंट आणतात. बाईंनी हिंगाच्या डबीत भरून बी आणलं. विमानतळावर कस्टमवाल्यानं डबी उघडली, नाकाला रुमाल लावला आणि झाकण लावून परत दिली, हे त्या फार खुशीत सांगत.

त्याचं असं झालं होतं. मुलगी-जावई कामावर गेले की बाई पायी फिरत. त्या गावात एक छोटं म्युझियम होतं, त्यात कोणी येत नसे, म्हणून बाई रोज जात. तिथं एका काचेच्या पेटीत काळपट, चपटं बी ठेवलं होतं. नदीकाठच्या एका कोरड्या गुहेत सापडलेलं. पाटीवर लिहिलं होतं की त्या देशाच्या मूळच्या लोकांनी हे पीक शेकडो वर्षं घेतलं, दर वर्षी टपोरं बी निवडून पेरत पेरत त्याचं बी मोठं केलं. पुढं मका आला आणि हे मागं पडलं. त्यांनी मोठं केलेलं बी आता जगात कुठंच नाही. ह्या झाडाचा रानटी भाऊबंद तेवढा उरला आहे, आणि तो ओलसर जागी तण म्हणून उगवतो.

“कुठं उगवतो?” बाईंनी तिथल्या मुलीला विचारलं.

ती मुलगी त्यांना बाहेर घेऊन गेली आणि म्युझियमच्या मागं, गटाराच्या कडेला, जिथं गाड्या उभ्या करतात तिथं बोट दाखवलं. छातीभर उंचीची झाडं, खडबडीत पानं, वरती हिरवट तुरे. बाईंना हे फार लागलं. आत काचेखाली बी, त्याच्यावर दिवा सोडलेला, आणि बाहेर तेच झाड चाकाखाली. मला सांगताना त्या म्हणाल्या, “टाकून दिलं म्हणजे काय झालं असेल गं? एका पावसात एका घरानं पेरलं नाही, एवढंच. मग दुसऱ्या घरानं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.”

बी पिकेपर्यंत बाई लेकीकडे थांबल्या. पिकल्यावर ओरबाडून घेतलं आणि परतीचं तिकीट काढायला लावलं. मुलगी चिडली. “इतक्या लांब येऊन तू माझ्याकडून गवत घेऊन चाललीस,” असं ती म्हणाली म्हणे. बाईंनी हेही मला जसंच्या तसं सांगितलं. त्यात मुलीची बाजू खरी होती, असंही म्हणाल्या.

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी मागच्या तुकड्यात वाफे करून बी पेरलं. काही उगवलं नाही. बाई रोज सकाळी छत्री घेऊन वाफ्याशी उभ्या राहत. गोकुळाष्टमीपर्यंत वाट बघून एके दिवशी जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नसत, म्हणून मी घाबरलेच.

“तुझा फ्रिज मोकळा आहे का?”

“का हो?”

“तिकडे बर्फ पडतं. बी थंडीत भिजून निजतं, मग उठतं. आपल्याकडे त्याला झोपच मिळाली नाही.”

अख्ख्या घरात फ्रिज एकच, आमचा, नवीन घेतलेला. त्याच्या खालच्या कप्प्यात बाईंच्या उरलेल्या बियांचा डबा गेला, ओल्या वाळूत कालवलेल्या बियांचा. दर आठवड्याला त्या मला वाळूवर पाणी शिंपडायला लावत. त्याच काळात माझ्या सासूबाई गावाहून आल्या. दही काढायला म्हणून त्यांनी चुकीचा डबा उघडला आणि हातातली वाटीच खाली टाकली. थंडगार वाळू आणि वाळूत काळे दाणे. त्यांनी मला कोपऱ्यात ओढून हळूच विचारलं, “सूनबाई, घरावर कुणी करणी केलीय का गो?” मी खालच्या बाईंचं नाव सांगितल्यावर त्यांचा संशय पक्काच झाला. मग बाईंनी त्यांना खाली बोलावून त्यांच्या आईच्या वेळचं जेवण विचारायला सुरुवात केली, आणि दोघी संध्याकाळपर्यंत नाचणीच्या आंबिलीवर बोलत बसल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात बी उठलं. थोडी रोपं आली, पण आली. गणपतीपर्यंत कमरेच्या वर गेली. आता त्यांना नाव हवं होतं. बाईंचा नियम असा की मराठी नाव नसलेलं काही त्यांच्या परसात वाढणार नाही. त्यांनी मला विचारलं, नवऱ्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं. आम्ही सगळ्यांनी गोड गोड नावं सुचवली, ती सगळी त्यांनी नापास केली. खाडीकडून एक मावशी मासळीची पाटी घेऊन यायची. ती मागच्या दारी बसून मासे निवडून देत होती, सहज हात पुसायला म्हणून तिनं त्या झाडाचं पान चुरगळलं आणि तोंड फिरवलं.

“शी! केवडी वासाडी हाय गो बाय ही!”

“काय म्हणालीस?”

“वासाडी. वास मारते. औषधावानी.”

बाईंनी तिथल्या तिथं ठरवलं. वासाडी. बारशाचं म्हणून मावशीला चहा आणि पेणचे पोहे मिळाले. पोहे खाताना ती मला विचारत होती, “नक्की बाय बरी हाय ना?”

दिवाळीनंतर बी पिकलं. बाईंनी बरंचसं पेरायला ठेवलं आणि मूठभर भाजून बघितलं. भाजताना आधी तो औषधासारखा वास घरभर झाला, मग विरला आणि तेलाचा खमंग वास सुटला. पाखडून, टरफल काढून, लसूण-मिरची घालून चटणी कुटली. कारळ्याच्या चटणीची बहीण म्हणावी अशी लागत होती, थोडी उग्र. बाई बराच वेळ घास तोंडात धरून बसल्या. मी विचारलं, “कशी झालीय?” त्या म्हणाल्या, “थांब. फार दिवसांनी कुणीतरी हे खातंय.”

त्यानंतर त्यांच्या डोक्यात मोठा बेत शिरला. पेणच्या खाडीपट्ट्यात बांध फुटून खारं पाणी शिरलेली शेतं होती, तिथं भात होईना. वासाडी अमेरिकेत अशाच ओल्या, जरा खारट जागी उगवते असं त्यांनी वाचलं होतं. त्या एसटीनं तिकडे जाऊ लागल्या. लोकांना बी दाखवत, चटणी चाखायला देत. लोक चटणी खात आणि भाताचं विचारत. शेवटी त्यांच्या नात्यातल्या एका कुटुंबानं पुरेसं बी साठल्यावर, एक पावसाळा सोडून पुढच्या पावसाळ्यात, जमिनीचा एक कोपरा द्यायचं कबूल केलं. बाई त्या दिवशी परत आल्या त्या जिन्याखालूनच ओरडल्या, “मिळाली! जागा मिळाली!”

तिसऱ्या पावसाळ्यात अख्खा मागचा तुकडा वासाडीनं भरला. तुरे आले, वास रस्त्यापर्यंत जाऊ लागला. आणि तात्या आले.

तात्या म्हणजे पऱ्ह्याच्या पलीकडचे शेतकरी. पावसात भात, भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. त्यांची बायको बाईंची विद्यार्थिनी, त्यामुळे ते बाईंना मान देत. ओटीवर चढले नाहीत, पायरीवरच बसले.

“बाई, रागावू नका. पन हे काय लावलंत?”

बाईंनी सगळं सांगितलं. गुहा, काचेची पेटी, मका. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“असंल. पन गाजरगवतबी कुठूनतरी आलंच ना? आमाला कोनी विचारलं व्हतं? आता रस्त्याकडंला तेच उभं हाय. माज्या सुनेचे हात सुजतात उपटून उपटून. तुमची ही वासाडी पऱ्ह्याच्या अंगाला हाय. बी पान्यात पडलं की माज्या वालात.”

“हे तसं नाही, तात्या,” बाई म्हणाल्या. “हिला थंडी दिल्याशिवाय ही उगवतच नाही. वरती ह्या पोरीच्या फ्रिजमध्ये ठेवावी लागते. मी स्वतः बघितलंय. फ्रिज बंद केला की वासाडी संपली.”

तात्यांनी झाडांकडे बघितलं. “तुमी म्हनता तर असंल. पन झाडाला कुठं ठावं हाय तुमचं म्हननं?”

 तात्या गेल्यावर बाईंनी जुन्या साड्या काढल्या आणि आम्ही दोघींनी पऱ्ह्याकडची बाजू त्या साड्यांनी बांधून काढली, बी उडून पाण्यात पडू नये म्हणून. बांधता बांधता त्या म्हणाल्या, “त्याचा प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तरही बरोबर आहे.” मला वाटतं, हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

त्या वर्षी बी भरपूर आलं. थोडं चटणीला गेलं, बाकीचं सगळं माझ्या फ्रिजमध्ये, दोन कप्पे अडवून. खाडीकाठच्या त्या कोपऱ्याची माती बाईंनी पिशवीतून आणून चाखूनसुद्धा बघितली. जूनमध्ये बी घेऊन जायचं ठरलं. नातलगांना निरोप गेला.

जून लागला. आठवडाभर पाऊस झाला असेल. एका सकाळी मी डबा भरत होते, तेवढ्यात जिन्यावर बाईंची पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. दारात येऊन म्हणाल्या, “चल.”

“कुठं?”

“चल म्हणते ना.”

आम्ही पऱ्ह्याच्या काठानं उतरलो. त्यांच्या तुकड्याच्या खाली, साड्या बांधल्या होत्या त्याच्याही पलीकडे, तात्यांच्या बांधाजवळ दगडांच्या फटीत कोवळी रोपं होती. मला ती कुठल्याही रानगवतासारखी दिसली. बाईंनी एक पान खुडलं, चुरगळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. तोच वास.

“एखादं चुकून आलं असेल,” मी म्हटलं.

“चुकून काय? आलं म्हणजे आलं. हिला फ्रिज लागत नाही. ती शिकली.”

त्या कुणालाही न सांगता उपटून टाकू शकल्या असत्या. तात्यांना ती रोपं ओळखूही आली नसती. निदान आधी खाडीकाठी पेरणी उरकून मग बघू, असं मी बोलूनही दाखवलं. बाई तशाच, चिखलानं भरलेल्या पायांनी, तात्यांच्या घरी गेल्या. मी मागोमाग. तात्या पडवीत इरल्याची पानं नीट करत बसले होते.

“तात्या, मी चुकले. हिला थंडी लागते म्हणत होते, नाही लागत. तुमच्या बांधाला आलीय.”

तात्या उठले. “असूं दे, बाई. उपटून टाकू.”

“उपटूच. पण तेवढ्यानं भागणार नाही. माझ्याकडे बी आहे.”

“किती?”

“सगळं.”

घरी येऊन त्यांनी फ्रिजमधले डबे खाली आणवले. मी म्हटलं, थोडं बाटलीत घालून, बूच लावून ठेवा. एवढी खटपट केलीत. त्या म्हणाल्या, “मी गेल्यावर बाटली कोण सांभाळणार?”

“मी.”

“आणि तुझ्या नवऱ्याची बदली झाली की? सामान हलवताना कुणीतरी विचारेल, हे काय आहे, आणि पऱ्ह्यात ओतेल.”

“मग जाळून टाका.”

ह्याचा मात्र त्यांना राग आला. “अन्न जाळतात का?”

दुसऱ्या दिवशी वाळू धुऊन बी निथळत ठेवलं, फडक्यावर पसरलं, पंख्याखाली वाळवलं. एक कण खाली सांडला तरी बाई वाकून उचलत. मग चुलीवर लोखंडी कढई चढली. बाई घाण्यामागून घाणे भाजत होत्या, दाणे तडतडत होते, घरभर आधी औषधाचा आणि मग तेलाचा वास. मी पाखडत होते. तात्यांची बायको आणि सून आल्या, त्या कुटायला बसल्या. खाडीकडची मावशी पाटी घेऊन आली होती, तिलाही बाईंनी थांबवून घेतलं. शेवटचा घाणा कढईत पडला तेव्हा बाई उलथनं हातात धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. तात्यांची बायको म्हणाली, “बाई, करपंल.” तेव्हा त्यांनी ढवळलं.

बाहेर पाऊस धो धो. ओटीवर पानं मांडली. तांदळाच्या गरम भाकऱ्या, कांदा आणि वासाडीची चटणी, वर तेलाची धार. तात्या आधी पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग भाकरी संपवली आणि सुनेकडे दुसरीसाठी बघितलं. बाई वाढत होत्या.

“बाई,” तात्या म्हणाले, “थोडं बी ठेवाया पायजे व्हतं.”

ओटीवर सगळ्यांचे हात थांबले.

“तात्या, तुम्हीच ना मला सांगायला आला होतात?”

“आलो व्हतो. पन तवा खाल्ली नव्हती.”

मावशी आधी हसली, मग आम्ही सगळेच. बाईंनाही हसू आवरेना, हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. मग त्यांनी तात्यांच्या पानावर आणखी चटणी वाढली, आणि उरलेली सगळ्यांना पानात बांधून दिली. स्वतः शेवटी जेवायला बसल्या. किती खाल्लं ते मी बघितलं नाही.

संध्याकाळी त्या पायरीवर बसल्या होत्या. खाडीकाठच्या नातलगांना आता येत नाही म्हणून निरोप पाठवून झाला होता. मी शेजारी जाऊन बसले.

“वाईट वाटतंय?”

“वाटतंय की. त्यात विचारायचं काय?” त्या म्हणाल्या. “पण तात्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या.”

तो पावसाळा आणि पुढचा पावसाळा बाई पऱ्ह्याच्या काठानं फिरत राहिल्या. काठी, छत्री, पायात रबरी चपला. पाऊस थोडा उघडला की निघत. बरोबर मी असे, कधी तात्यांची सून. त्यांचा मागचा तुकडा, दगडांच्या फटी, बांधाचं तोंड, पाण्यात वाहून आलेल्या पाचोळ्याचे ढीग, सगळं चाचपून बघत. पहिल्या वर्षी बरीच रोपं सापडली, दुसऱ्या वर्षी फार थोडी. मग नाहीतच.

तरी त्या जायच्या. असंच एकदा लावणीच्या दिवसांत आम्ही बांधावर पोचलो, तेव्हा चिखलात उभ्या असलेल्या तात्यांनीच हाक मारली.

“बाई, इकडं या. ही बगा तुमची.”

बांधाच्या आतल्या अंगाला, आंब्याच्या मुळाआड एक रोप उभं होतं, वीतभर, चांगलं पोसलेलं. बाईंच्या आधी ते तात्यांना दिसलं होतं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं होतं.

“उपटा की,” बाई म्हणाल्या.

तात्या हात पुसत उभे राहिले. “तुमी उपटा.”

“तुमचं शेत.”

“बी तुमचं.”

पाऊस भुरभुरत होता. मी छत्री धरली. बाई गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू वाकल्या, रोपाच्या बुडाशी माती सैल केली आणि मुळं न तुटू देता ते अलगद वर काढलं. झटकून माती खाली पाडली. शेतकरी तण काढून ठेवतात तसं ते मुळं वर करून बांधावरच्या दगडावर ठेवलं, ऊन पडलं की वाळून जावं म्हणून. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि तात्यांना विचारलं, “कुठवर आली लावणी?”